धावफलकावर न येणारे काम

१६ नोव्हेंबर २०२० रोजी बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन इथल्या मुख्य चौकातून ॲडमिरल नेल्सनचा पुतळा उतरवण्यात आला. तो १८१३ मध्ये उभारलेला होता. लंडनच्या ट्राफल्गार चौकातला प्रसिद्ध स्तंभ त्यानंतर तीस वर्षांनी आला. गुलामांच्या व्यापाराची पाठराखण करणारा हा नौदल अधिकारी दोनशे सात वर्षे गुलामांच्या वंशजांसमोर मानाने उभा होता. पुढच्या वर्षी, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, बार्बाडोस प्रजासत्ताक झाले. पुतळा हटवला हे योग्यच झाले. पण या निमित्ताने एक प्रश्न विचारायला हवा होता, तो फारसा कुणी विचारला नाही. त्या पुतळ्याने दोन शतकांत जपले काय? नेल्सन कोण होता, त्याने काय केले, कुणाच्या बाजूने बोलला, यातले काहीही त्या ब्राँझमुळे कुणाला कळले नाही. ज्यांना कळले त्यांना ते कागदपत्रांतून कळले, आणि कळल्यावर त्यांनीच पुतळा उतरवण्याची मागणी केली.

अशा रिकाम्या चौथऱ्यावर आता आपला माणूस बसवावा, अशी इच्छा कोणत्याही समाजाला होते. साहित्यिकांच्या बाबतीत तर ही इच्छा जगभर रूढीच बनली आहे. लेखक गेला की चौकाला नाव, सभागृहाला नाव, टपालाचे तिकीट, पुण्यतिथीला हार आणि भाषण. त्याची पुस्तके बाजारात मिळतात का, त्याची पत्रे कुठे आहेत, त्याच्या हस्तलिखितांना वाळवी लागली का, हे विचारणारा माणूस त्या समारंभात विघ्नसंतोषी ठरतो. विधी पार पडला म्हणजे कर्तव्य पार पडले, ही समजूत देवळातली असो की साहित्यसभेतली, तिचे स्वरूप एकच आहे. धर्मातल्या कर्मकांडाला नावे ठेवणारे सुशिक्षित लोक साहित्यातले कर्मकांड मात्र निमूटपणे पाळतात.

हे मला एका माणसाचे उदाहरण घेऊन मांडायचे आहे. फ्रँक कॉलिमोर हे त्याचे नाव. जन्म १८९३, मृत्यू १९८०, दोन्ही बार्बाडोसमध्ये. ब्रिजटाउनच्या कॉम्बरमिअर शाळेत ते शिकले, १९१० मध्ये तिथेच शिक्षक झाले आणि १९५८ मध्ये निवृत्त झाले. ते कवी होते, पण पहिला संग्रह १९४४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर निघाला. सगळ्या कविता एकत्र आल्या त्या १९५९ मध्ये. त्यांनी कथा लिहिल्या, नाटकांत कामे केली, चित्रविचित्र काल्पनिक प्राण्यांची रेखाटने काढली. आणि १९४२ च्या डिसेंबरात 'बिम' नावाचे जे लहानसे साहित्यिक नियतकालिक सुरू झाले, त्याच्या संपादनाची धुरा थोड्याच काळात त्यांच्याकडे आली आणि तीसेक वर्षे त्यांच्याकडेच राहिली. सुमारे ४३० चौरस किलोमीटरच्या बेटावरून निघालेले हे नियतकालिक इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्या कॅरिबियन बेटांचे व्यासपीठ झाले. त्रिनिदाद, सेंट लुसिया, जमैका, गयाना इथल्या लेखकांना एकमेकांचे लेखन पहिल्यांदा वाचायला मिळाले ते बऱ्याच अंशी या अंकांतून.

मराठी वाचकाला कॉम्बरमिअर शाळेचा एक विद्यार्थी चांगला माहीत आहे. १९६२ मध्ये ब्रिजटाउनला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून नरी काँट्रॅक्टर यांच्या कवटीला इजा झाली, तेव्हा रक्त द्यायला पुढे आलेले वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल याच शाळेतले. वॉरेल यांनी ५१ कसोटी सामन्यांत ३,८६० धावा केल्या आणि ६९ बळी घेतले. हे आज कुणीही क्षणात सांगू शकतो, कारण मैदानाच्या कडेला वही घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद करणारा माणूस बसलेला असतो. कवितेची वही सुधारून देणाऱ्या शिक्षकाच्या कडेला असा कुणी बसलेला नसतो. त्याने कोणता शब्द खोडला, कोणते पुस्तक वाचायला दिले, कुणाला नोकरीसाठी शिफारसपत्र लिहिले, कुणाची पहिली कविता नाकारताना दोन पाने समजुतीची लिहिली, यांपैकी काहीच धावफलकावर येत नाही. म्हणून अशा माणसाचा वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न साध्या कवीच्या बाबतीत असतो त्याहून अवघड होतो.

या कामाचे मोल काय होते ते पाहा. जॉर्ज लॅमिंग १९२७ मध्ये ब्रिजटाउनच्या कडेला कॅरिंग्टन व्हिलेजमध्ये जन्मले. गरीब घर, एकटी आई. शिष्यवृत्ती मिळवून ते कॉम्बरमिअरमध्ये आले. १९६२ पर्यंत त्या बेटावर माध्यमिक शिक्षण फुकट नव्हते, त्यामुळे शिष्यवृत्ती नसती तर हा मुलगा वर्गात पोचलाच नसता. वर्गात पोचल्यावरही अभ्यासक्रम साम्राज्याचा होता. कॉम्बरमिअरचेच विद्यार्थी ऑस्टिन क्लार्क यांनी पुढे आत्मचरित्रात ब्रिटिश झेंड्याखाली वाढलेल्या मुलांच्या त्या शिक्षणाची सविस्तर चिकित्सा केली आहे. अशा शाळेत कॉलिमोर यांनी लॅमिंगसाठी आपल्या घरातला ग्रंथसंग्रह उघडला. १९४६ मध्ये लॅमिंग त्रिनिदादला शिक्षक म्हणून गेले, तेही कॉलिमोर यांच्या मदतीने. तिथून ते 'बिम'साठी लेखन गोळा करून पाठवू लागले. १९५० मध्ये ते इंग्लंडला गेले आणि १९५३ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, जी आज कॅरिबियन साहित्याचा पाया मानली जाते.

डेरेक वॉलकॉट यांचीही गोष्ट अशीच. सेंट लुसियातल्या या मुलाने अठराव्या वर्षी, १९४८ मध्ये, शिक्षिका असलेल्या आईने दिलेल्या दोनशे डॉलरांतून पंचवीस कवितांचे पुस्तक स्वतः छापून घेतले. पुढच्या वर्षी त्याची दुसरी आवृत्ती बार्बाडोसमध्ये निघाली, ती कॉलिमोर यांच्या साहाय्याने. आणि त्याच वर्षी त्यांनी 'बिम'मध्ये या एकोणीस वर्षांच्या कवीची ओळख करून देणारा लेख लिहिला. नोबेल पारितोषिक समितीला तो कवी दिसला १९९२ मध्ये. मधली त्रेचाळीस वर्षे लक्षात घ्या.

आता यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो सुशिक्षितांकडूनच येतो: "खरी प्रतिभा लपत नाही. कॉलिमोर नसते तरी वॉलकॉट वॉलकॉटच झाले असते." हे वाक्य समंजस वाटते, पण ती शुद्ध अंधश्रद्धा आहे. तिचा पुरावा म्हणून जी नावे दिली जातात ती सगळी यशस्वी झालेल्यांची असतात. ज्या मुलाला ग्रंथसंग्रह मिळाला नाही, ज्याची वही कुणी परत केली नाही, जो सतराव्या वर्षी साखर कारखान्यात हिशेबनीस झाला आणि तिथेच संपला, त्याचे नाव आपल्याला ठाऊकच नाही. बुडालेल्यांची यादी कुठेही नसताना वाचलेल्यांकडे बोट दाखवून 'पोहणारा बुडत नाही' असा सिद्धांत काढणे तर्काला धरून नाही. प्रतिभा जन्मजात असते की नाही हा वाद बाजूला ठेवू. ती वाढायला पुस्तके, वेळ, छापायला जागा आणि प्रामाणिक वाचक लागतो, याबद्दल वाद होऊ शकत नाही. जन्मसिद्ध प्रतिभेवरची ही श्रद्धा प्रत्यक्षात फार सोयीची आहे. ती मान्य केली की ग्रंथालय उघडण्याची, शिष्यवृत्ती देण्याची, अनोळखी मुलाचे लेखन वाचण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कॉलिमोर स्वतः कवी म्हणून वॉलकॉट किंवा बार्बाडोसचेच कामाउ ब्रॅथवेट यांच्या उंचीचे नव्हते; मग त्यांच्यासाठी एवढा खटाटोप का? उंचीबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. त्यांच्या कविता स्वच्छ, सभ्य, निसर्गात रमणाऱ्या आहेत. त्यांनी भाषेची मोडतोड केली नाही आणि नवी दिशाही दाखवली नाही. मृत माणसाचा सन्मान करण्यासाठी त्याला मोठा कवी म्हणणे हा खोटेपणा आहे आणि तो त्याच्याही कामाचा अपमान आहे. परंतु या आक्षेपामागे एक गृहीत दडलेले आहे: साहित्य म्हणजे काही थोर व्यक्तींची रांग, आणि जपायचे ते फक्त रांगेतल्या पहिल्या तिघांचे. ब्रॅथवेट यांच्या सुरुवातीच्या कविताही 'बिम'नेच छापल्या. हे समजायचे तर जुने अंक हवेत. अंक कसे निघाले हे समजायचे तर संपादकाची पत्रे हवीत. युद्धकाळात कागद कुठून आला, जाहिराती कुणी दिल्या, कोणती कथा का परत गेली, हे समजल्याशिवाय कॅरिबियन साहित्याचा उदय हा चमत्कारच वाटत राहणार, आणि चमत्काराची पुनरावृत्ती कुणी करू शकत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या संपादकाचा पत्रव्यवहार हा आजच्या संपादकासाठी कामाचा दस्तऐवज आहे.

कॉलिमोर यांच्या वारशात आणखी एक वस्तू आहे, जिच्याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. १९५५ मध्ये त्यांनी बार्बाडोसच्या बोलीतल्या शब्दांचा आणि वाक्प्रचारांचा एक छोटा कोश प्रसिद्ध केला. इंग्लंडचे प्रमाण इंग्रजी शिकवण्यासाठी ज्याला पगार मिळत होता, त्या शिक्षकाने कोळ्यांची, बाजारातल्या बायकांची, ऊसतोड्यांची भाषा नोंदवण्याजोगी मानली. त्या काळात हीच भाषा वर्गात बोलली तर मुलाला शिक्षा होई. त्वचेच्या रंगछटेवर माणसाची पायरी ठरवणाऱ्या त्या समाजात कॉलिमोर स्वतः उजळ बाजूचे होते, म्हणून या कृतीचे महत्त्व वाढते. त्यांनी क्रांतीची घोषणा केली नाही. माणसे जसे बोलतात तसे ते लिहून ठेवले, एवढेच. पण माणसाच्या प्रतिष्ठेचा विचार इथूनच सुरू होतो.

इथे एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. या सगळ्या घडामोडीला मान्यता मिळाली ती लंडनच्या वाटेने. बीबीसीवर १९४३ ते १९५८ या काळात 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा कार्यक्रम चालत असे. बेटांवरच्या लेखकांच्या कथा-कविता जहाजाने लंडनला जात, तिथे वाचल्या जात आणि ध्वनिलहरींवरून पुन्हा बेटांवर येत. १९४६ पासून हेन्री स्वाँझी यांनी तो चालवला आणि त्यांचा कॉलिमोर यांच्याशी सतत पत्रव्यवहार होता. लेखकांना त्यातून मानधन मिळे. बेटांवर तेव्हा लेखनाला पैसे देणारे दुसरे फारसे कुणी नव्हते. साम्राज्याच्या राजधानीतून शिक्का बसल्याशिवाय शेजारच्या बेटावरचा कवी आपल्याला कवी वाटत नाही, ही मानसिक गुलामगिरी होती, आणि ज्यांनी ती ओळखली त्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. स्वाँझींची कागदपत्रे आज बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत.

आणि हा कार्यक्रम सुरू कुणी केला? उना मार्सन यांनी. १९०५ मध्ये जमैकात जन्मलेल्या या कवयित्री आणि नाटककार बीबीसीवरच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-निर्मात्या. लेखकांना माइकपर्यंत आणण्याची कल्पना त्यांची. तरीही कित्येक वर्षे या कार्यक्रमाचा इतिहास स्वाँझींपासून सांगितला गेला. १९६५ मध्ये मार्सन वारल्या; त्यांचे सविस्तर चरित्र यायला १९९८ उजाडले. मार्गदर्शकांच्या परंपरेचे गुणगान करताना हे विसरून चालणार नाही. कॉम्बरमिअर तेव्हा फक्त मुलांची शाळा होती. कॉलिमोर यांच्या ग्रंथसंग्रहाचे दार ज्यांच्यासाठी उघडले, त्यांच्यात मुली नव्हत्या, कारण त्या शाळेच्या फाटकातूनच आत येऊ शकत नव्हत्या. हा दोष एका माणसाचा नाही, पण त्याच्या वारशाचा भाग नक्कीच आहे. जो वारसा जपायचा त्यात कोण नव्हते, हेही त्याच फायलीत लिहिलेले असले पाहिजे.

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, अशी आपल्याकडेही आणि तिकडेही रूढी आहे. साहित्याच्या इतिहासात ही रूढी मी घातक मानतो. वॉलकॉट यांचेच उदाहरण घ्या. ते मोठे कवी होते, आणि मार्गदर्शकही: १९५९ मध्ये त्यांनी त्रिनिदाद थिएटर वर्कशॉप उभे केले, पुढे बॉस्टनला नाटककारांसाठी रंगमंच काढला, अनेक विद्यार्थी घडवले. पण १९८२ मध्ये हार्वर्डमधल्या एका विद्यार्थिनीने त्यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली आणि विद्यापीठाने तिची दखल घेऊन कारवाई केली. १९९६ मध्ये बॉस्टनमधल्या एका विद्यार्थिनीने दावा दाखल केला. तो तडजोडीने मिटला. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या काव्य-प्राध्यापकपदासाठी त्यांचे नाव पुढे असताना या जुन्या आरोपांची पाने निनावीपणे मतदारांकडे पाठवली गेली आणि त्यांनी माघार घेतली.

या प्रसंगात दोन गट पडले. एक म्हणाला, एवढ्या मोठ्या कवीची ही बदनामी आहे, विषय बंद करा. दुसरा म्हणाला, मग त्यांची पुस्तकेही नकोत. दोन्ही गट मला अविवेकी वाटतात. कविता चांगली आहे म्हणून विद्यार्थिनीची तक्रार खोटी ठरत नाही. तक्रार आहे म्हणून कविता वाईट ठरत नाही. ज्याच्या हातात गुण देण्याची, शिफारस करण्याची, पहिले पुस्तक छापून आणण्याची सत्ता असते, त्या माणसाकडे शिष्य विश्वासाने येतो. त्या विश्वासाचा गैरवापर झाला की नाही, हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला आहे, आणि गुरूच्या कीर्तीने तो हक्क कमी होत नाही. निनावी पाकिटे फिरली, कारण उघड आणि जबाबदार नोंद उपलब्ध नव्हती. जिथे कागद खुले नसतात तिथे एकतर आरती चालते किंवा कुजबुज. वारसा जपणाऱ्या संस्थेने कवीची हस्तलिखिते ठेवावीत आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारींचे निकालही ठेवावेत. ज्यांना हे सहन होत नाही, त्यांना कवी नको आहे, दैवत हवे आहे.

मग कागद ठेवायचे कुठे? सध्याची स्थिती अशी: वॉलकॉट यांचे कागद त्रिनिदादच्या सेंट ऑगस्टीन इथल्या वेस्ट इंडीज विद्यापीठात आणि कॅनडात टोरोंटोला. ऑस्टिन क्लार्क यांचे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात. त्रिनिदादचे कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल यांचे अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा विद्यापीठात. यावर राष्ट्राभिमानी संताप व्यक्त करणे सोपे आहे. परदेशी विद्यापीठांनी पैसे मोजले, थंड आणि कोरड्या खोल्या दिल्या, सूचीकार नेमले. बेटांवर काय होते? १२ सप्टेंबर १९८८ रोजी गिल्बर्ट चक्रीवादळ जमैकावर आदळले आणि आयरिश टाउनमधल्या घरात ब्रॅथवेट यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह, पुस्तके, कागद, ध्वनिफिती, चिखलात गेला. ज्या माणसाने एका संपूर्ण प्रदेशाच्या साहित्याची स्मृती आपल्या घरी एकट्याने सांभाळली होती, त्याच्या मदतीला वादळाआधी कुठलीही संस्था आलेली नव्हती. २०२४ च्या जूनमध्ये बार्बाडोसच्या सरकारी अभिलेखागारालाच आग लागली; ब्लॅक रॉक इथल्या जुन्या कुष्ठरुग्णालयाच्या आवारात ते होते, आणि त्यातली एक इमारत कागदांसह जळाली. असे असताना 'आमचे कागद परदेशात का गेले' हा प्रश्न अपुरा आहे. ते घरी राहिले असते तर आज असते का, हेही प्रामाणिकपणे विचारले पाहिजे. त्याच वेळी ब्रिजटाउनच्या एखाद्या शिक्षिकेला आपल्याच बेटाच्या लेखकाचे हस्तलिखित पाहायला व्हिसा काढून कॅनडाला जावे लागते, हा अन्याय आहे, आणि थंड खोलीने तो भरून निघत नाही. उपाय एकच: मूळ कागद जिथे सुरक्षित तिथे, आणि त्याची संपूर्ण, सूचीबद्ध, विनामूल्य प्रत जिथला लेखक तिथल्या ग्रंथालयात. असा करार करणे विद्यापीठांना अवघड नाही. त्यासाठी मागणी करणारे नागरिक लागतात.

"आता सगळे स्कॅन झाले आहे, चिंता कशाला?" हा आजचा सर्वांत आळशी युक्तिवाद. 'बिम'चे जुने अंक आंतरजालावर पाहायला मिळतात, ही मोठी सोय आहे आणि ज्यांनी ते काम केले त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण छापलेला अंक स्कॅन करणे हा कामाचा सोपा भाग आहे. त्याच्या अनेक प्रती होत्याच. पत्र एकच असते. पत्राची तारीख नसेल, 'प्रिय जॉर्ज' म्हणजे कोणता जॉर्ज हे कुणी लिहून ठेवले नसेल, तर त्याचे चित्र संगणकात असून उपयोग नाही. ते लिहून ठेवू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. लॅमिंग २०२२ मध्ये गेले, ब्रॅथवेट २०२० मध्ये, क्लार्क २०१६ मध्ये. 'बिम'च्या पहिल्या पिढीला ओळखणारे साक्षीदार आता हातावर मोजण्याइतके उरले असतील. एडवर्ड बॉ यांनी २००९ मध्ये कॉलिमोर यांचे चरित्र लिहिले नसते, तर यातले बरेच काही कायमचे गेले असते. स्वतः कवी आणि प्राध्यापक असलेल्या माणसाने दुसऱ्या कवीच्या आयुष्यावर वर्षे खर्च केली. यंत्राने ते काम झाले नसते.

पैशाचा आक्षेपही टाळता येणार नाही. पावणेतीन लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश, दर वर्षी वादळाची भीती, समुद्र किनारा खातो आहे, कर्जाचा बोजा आहे. तिथे जुन्या पत्रांवर खर्च करणे ही चैन नव्हे का? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी सभागृहांच्या आणि समारंभांच्या खर्चावरही तोच प्रश्न विचारावा. बार्बाडोसच्या मध्यवर्ती बँकेच्या संकुलात कॉलिमोर यांच्या नावाचे सभागृह आहे. तिथे मैफली होतात, नाटके होतात, ते चांगलेच आहे. पण तिकीट काढून आत जाणाऱ्याला त्या नावामागचा माणूस ठाऊक असेलच असे नाही. त्याच बँकेने १९९८ मध्ये कॉलिमोर यांच्या नावाने एक साहित्यिक निधीही स्थापन केला. दरवर्षी अप्रकाशित हस्तलिखिते मागवली जातात, परीक्षक ती वाचतात आणि उत्तम लेखनाला रोख पारितोषिक मिळते. या दोन स्मारकांतला फरक विचारात घेण्याजोगा आहे. सभागृह कॉलिमोर यांचे नाव घेते. निधी त्यांचे काम करतो: ज्याला अजून कुणी ओळखत नाही त्याची वही उघडून वाचतो. २००७ मध्ये 'बिम' नव्या रूपात पुन्हा सुरू झाले, कवयित्री एस्थर फिलिप्स यांच्या संपादनाखाली, हेही त्याच जातीचे स्मारक. पन्नास मुलांच्या वह्या वाचायला लागणारा खर्च एका पुतळ्याच्या चौथऱ्याहून अधिक नसतो.

कुणी म्हणेल, निधी आहे, नियतकालिक आहे, चरित्र आहे, मग तक्रार कशाची? तक्रार अशी की यातली प्रत्येक गोष्ट थोड्या माणसांच्या हट्टावर उभी आहे. शाळेच्या अभ्यासक्रमात कॉलिमोर किती आहेत? बेटावरच्या मुलांना वॉलकॉट शिकवताना त्यांना एकोणिसाव्या वर्षी गंभीरपणे वाचणारा शिक्षक कोण होता, हे सांगितले जाते का? जी स्मृती पाठ्यपुस्तकात, ग्रंथालयाच्या कायम पगारी पदात आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात येत नाही, ती पुढच्या सरकारबरोबर किंवा पुढच्या वादळाबरोबर जाते. नेल्सनचा पुतळा दोनशे वर्षे टिकला, कारण त्याला सांभाळणारी सत्ता होती. कॉलिमोर यांच्या पत्रांना सांभाळायला तेवढ्या ताकदीची, पण लोकशाही पद्धतीने चालणारी व्यवस्था हवी, आणि ती उभी करणे ही प्रजासत्ताकाची जबाबदारी आहे. साम्राज्याच्या जागी आलेल्या राज्याने आपल्या शिक्षकांचे कागद साम्राज्याने आपल्या सेनापतींचे जपले त्याहून निष्काळजीपणे ठेवले, तर झेंडा बदलण्याला फारसा अर्थ राहत नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात एखाद्या शिक्षकाची, संपादकाची, कवीची पत्रे असतील, तुम्हाला किंवा तुमच्या आईवडिलांना आलेली, तर ती रद्दीत देऊ नका. कुणी कुणाला, कधी लिहिले ते प्रत्येकावर पेन्सिलीने नोंदवा, आठवण असलेल्या माणसाला आत्ताच विचारा, प्रती काढा आणि मूळ कागद ग्रंथालयाला लेखी करार करून द्या. त्यात कुणाला अडचणीचे ठरेल असे काही असले तरी फाडू नका. काही वर्षे ते बंद ठेवण्याची अट घालता येते.